फायनाइट एलिमेंटसाठी भूमिती आणि मेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची मुलं, पिंपरी-चिंचवडच्या बाजूला नुकतीच सीएईत (संगणकावर भागांचं गणित करून तपासण्याच्या कामात) लागलेली मंडळी आणि ‘कॅड येतं, आता अ‍ॅनालिसिस शिकायचंय’ म्हणणारे डिझायनर मला फिरून फिरून हेच विचारतात. उदाहरणं बहुतेक पोलादी भागांची आहेत, कारण माझं काम त्यातलं. फ्लुइडच्या मेशचे नियम वेगळे असतात, ते इथे शोधू नका.

प्र. १. कॅडचं मॉडेल तयार असताना मेश कशाला? सॉल्व्हर (गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) सरळ कॅड का वाचत नाही?

कॅडला आकार माहीत असतो: ही सपाट बाजू, हे गोल भोक, हा फिलेट (कोपऱ्याची गोलाई). भार आल्यावर त्यातला प्रत्येक बिंदू किती सरकेल, हे मात्र अनंत अज्ञातांचं गणित आहे. मेश त्याचे मोजके तुकडे पाडतो. तुकडा म्हणजे एलिमेंट, आणि त्याचे कोपरे म्हणजे नोड. सॉल्व्हर फक्त नोडांची विस्थापनं काढतो, मधली जागा एलिमेंटच्या ठरलेल्या सूत्रानं भरतो, आणि स्ट्रेस (आतला ताण) त्या विस्थापनांच्या फरकावरून नंतर काढतो. म्हणूनच जाड्याभरड्या मेशवरही विस्थापन बऱ्यापैकी येतं आणि स्ट्रेस मात्र रडवतो. हे एवढं लक्षात ठेवलं, तर खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

त्रिकोणांत तुकडे पाडून पिळाचं गणित रिचर्ड कूरांट यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. कॅडचीच सूत्रं थेट गणितात वापरण्याची आयसोजिओमेट्रिक पद्धत २००५ मध्ये ह्यूजेस आणि सहकाऱ्यांनी पुढे आणली, पण कारखान्यातलं रोजचं काम अजून मेशवरच चालतं.

प्र. २. डिझाइनवाल्यांकडून फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये मागू?

मूळ कॅड फाइल मिळाली तर उत्तम, नाहीतर स्टेप किंवा पॅरासॉलिड. आयजेसमधून पृष्ठभाग बऱ्याचदा सुटे येतात, कडा शिवत बसावं लागतं, आणि एखादी अरुंद पट्टी गळाल्याचं तिसऱ्या दिवशी कळतं. एसटीएल शक्यतो नकोच. ती आधीच त्रिकोणांत चिरलेली असते, त्यामुळे ‘इथे १० मिलिमीटरचं भोक आहे’ ही माहिती तिच्यात उरत नाही. फाइलबरोबर ड्रॉइंगही मागा. शीटची जाडी, मटेरियल, वेल्डच्या खुणा आणि बोल्टचा टॉर्क थ्रीडी मॉडेलमध्ये असतीलच असं नाही.

प्र. ३. कंपनीत लागेपर्यंत शिकायला फुकट काय आहे?

भरपूर. जीमेश हा जोझेन आणि रेमाक्ल यांनी लिहिलेला मुक्त मेशर आहे. त्याची स्क्रिप्ट हातानं लिहिली की बिंदू-रेषा-पृष्ठभाग-घन ही उतरंड कायमची डोक्यात बसते. फ्रीकॅडच्या एफईएम (फायनाइट एलिमेंट पद्धत) विभागातून जीमेशचा मेश कॅल्क्युलिक्स या मुक्त सॉल्व्हरला देता येतो. कॅल्क्युलिक्सची इनपुट फाइल अ‍ॅबॅकसच्या (कंपन्यांतला सॉल्व्हर) वळणाची असल्यानं पुढे नोकरीतही ते शिक्षण वाया जात नाही. सलोम आणि कोड-अ‍ॅस्टर ही फ्रेंच जोडी ताकदवान आहे, पण तिच्यासाठी धीर लागतो.

‘हायपरमेश (कंपन्यांतलं मेशिंगचं सॉफ्टवेअर) येत नसेल तर घेतील का’ हा याचाच जोडप्रश्न. बटणं महिन्याभरात येतात. कुठला एलिमेंट का घेतला, हे सांगता येणारा माणूस मिळत नाही.

प्र. ४. भूमितीतलं काय काढायचं आणि काय ठेवायचं?

आधी दोन गोष्टी ठरवा. भार कुठून कुठे जातोय, आणि मला उत्तर कुठे हवंय? त्या वाटेपासून दूर असलेला उठावातला पार्ट नंबर, लोगो, बोल्टच्या आट्या, बाहेरच्या धारेवरचा अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर (तिरकी कापलेली धार), सगळं बिनधास्त उडवा. आतल्या कोपऱ्यातला फिलेट मात्र भाराच्या वाटेवर असेल तर हात लावू नका. तो काढलात की तिथे धारदार कोपरा उरतो, आणि त्या कोपऱ्यावरच्या स्ट्रेसला अर्थ नसतो (प्र. १० पाहा).

नुसती कंपनाची फ्रीक्वेन्सी किंवा ताठपणा हवा असेल तर कात्री आणखी मोकळी चालवा. फटीग (पुन्हा पुन्हा भार येऊन तडा जाणं) तपासायचं असेल तर हात आखडता ठेवा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका ब्रॅकेटमधलं पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेलं ३ मिलिमीटरचं भोक ‘किरकोळ’ म्हणून बुजवलं होतं. टेस्टमध्ये तडा नेमका त्याच भोकातून सुरू झाला. तेव्हापासून काय काय काढलं याची यादी मी रिपोर्टच्या पहिल्या पानावर देतो. ती वाचून डिझायनर ओरडला, तर तो लवकर ओरडलेला बरा.

काढण्याइतकंच महत्त्वाचं काम जोडण्याचं. कॅडमध्ये एका सपाट बाजूचे सहा तुकडे आणि त्यात केसाएवढी एक पट्टी, असं नेहमी दिसतं. मेशर प्रत्येक कडेवर नोड टाकायला बांधील असल्यानं त्या पट्टीत चिरमुटलेले एलिमेंट तयार होतात. अशा कडा दाबून टाका, म्हणजे मेशरला तो एकच पृष्ठभाग दिसेल.

प्र. ५. शेल घ्यायचा, सॉलिड की बीम?

शेल म्हणजे जाडी नुसती आकड्यात दिलेला पृष्ठभाग, सॉलिड म्हणजे भरीव तुकडे, बीम म्हणजे सेक्शन आकड्यात दिलेली रेषा. जाडी ही बाकीच्या दोन मापांच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी असेल तर शेल, हा ढोबळ नियम. कारण पाहा. ५०० × ५०० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पत्रा सॉलिडमध्ये करायचा आणि जाडीत ४ एलिमेंट ठेवायचे, तर एलिमेंटचा साइझ अर्धा मिलिमीटर होतो आणि संख्या जाते ४० लाखांवर. तोच पत्रा ५ मिलिमीटरच्या शेलमध्ये १०,००० एलिमेंटांत बसतो, आणि वाकण्याचं उत्तर अधिक चांगलं देतो.

जागोजागी जाडी बदलणारं, रिब असलेलं कास्टिंग असेल तर सॉलिडच. लांबलचक चॅनेल-अँगलचा सांगाडा आणि प्रश्न फक्त एकूण भाराचा असेल तर बीम.

मिश्र मॉडेलमध्ये एक खड्डा आहे. शेलच्या नोडला फिरण्याची मोकळीक असते, सॉलिडच्या नोडला नसते. शेलची कड सॉलिडच्या एका नोडरेषेला नुसती चिकटवली की तिथे बिजागरी तयार होते. शेल सॉलिडच्या आत एक-दोन एलिमेंट घुसवा, नाहीतर सॉफ्टवेअरमधलं शेल-सॉलिड कपलिंग वापरा.

प्र. ६. मिडसरफेस (शेलसाठी जाडीच्या मधोमध काढलेला पृष्ठभाग) काढल्यावर भाग एकमेकांपासून सुटले. ओढून जुळवू का?

जोड कुठला आहे त्यावर अवलंबून. ३ मिलिमीटरच्या पाट्यावर दुसरा पत्रा उभा वेल्ड केला असेल, तर उभ्याच्या खालच्या कडेपासून पाट्याच्या मिडसरफेसपर्यंत दीड मिलिमीटर अंतर पडतं. तिथे उभा पत्रा खाली वाढवून मिळवा, बिघडत नाही. लॅप जोड (पत्र्यावर पत्रा ठेवून केलेला) असेल तर दोन मिडसरफेसमधलं अंतर खरं आहे: २ आणि ३ मिलिमीटरच्या पत्र्यांत ते अडीच मिलिमीटर भरतं. ते तसंच ठेवा आणि मध्ये स्पॉटवेल्डचे किंवा वेल्डचे एलिमेंट घाला. दोन्ही पत्रे एका पातळीवर ओढलेत तर सेक्शनची उंची कमी होते आणि ताठपणा खोटा येतो.

प्र. ७. टेट्रा की हेक्सा? सर म्हणतात हेक्साच चांगला.

सरांचं अर्धं बरोबर आहे. टेट्रा म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा एलिमेंट, हेक्सा म्हणजे विटेसारखा सहा बाजूंचा. चार नोडांच्या टेट्रामध्ये अख्ख्या एलिमेंटभर स्ट्रेन (ताणलं जाण्याचं प्रमाण) एकच असतो, त्यामुळे तो वाकण्यात फार ताठ वागतो. स्ट्रेससाठी तो वापरणं म्हणजे दुधाची तहान ताकावरसुद्धा नव्हे, नुसत्या पाण्यावर. दहा नोडांच्या टेट्राची गोष्ट निराळी. त्याच्या कडांवर मधले नोड असतात, वक्र पृष्ठभाग तो नीट धरतो, आणि कास्टिंग, फोर्जिंग, गिअरबॉक्सचं हाउसिंग यांचं नेहमीचं काम त्याच्यावर चालतं. कुठल्याही आकारात हेक्सा आपोआप भरून देणारी खात्रीची पद्धत आजही नाही. भाग हातानं तुकड्यांत कापावा लागतो, आणि त्यात आठवडा जाऊ शकतो.

तो आठवडा कधी द्यायचा? रबर, मोठं प्लास्टिक विरूपण, काँटॅक्टमध्ये घासणारे पृष्ठभाग, किंवा एक्सप्लिसिट रन (क्रॅशसारखं, वेळेच्या छोट्या पावलांनी पुढे जाणारं गणित) जिथे एलिमेंटांची संख्या थेट वेळेत दिसते. बाकी ठिकाणी दहा नोडांचा टेट्रा घ्या आणि वाचलेला वेळ बाउंडरी कंडिशनवर (सपोर्ट आणि भार कसे दिले त्यावर) विचार करण्यात घालवा. मोठ्या चुका तिथेच सापडतात.

प्र. ८. जाडीत किती एलिमेंट ठेवायचे? कुणी एक म्हणतं, कुणी तीन, कुणी चार.

तिघांचंही बरोबर असू शकतं, कारण उत्तर एलिमेंटच्या जातीवर आहे. हे स्वतः करून बघण्यासारखं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. १०० मिलिमीटर लांब, १० × १० सेक्शनचा पोलादी कँटिलिव्हर (एकाच टोकाला घट्ट धरलेला दांडा) घ्या, टोकाला १०० न्यूटन. मॉड्यूलस २,१०,००० मेगापास्कल धरला तर पुस्तकी उत्तर ०.१९ मिलिमीटर आणि मुळाशी ६० मेगापास्कल.

आता हा पहिल्या ऑर्डरच्या (फक्त कोपऱ्यांवर नोड असलेल्या), पूर्ण इंटिग्रेशनच्या (आतल्या अनेक बिंदूंवर स्ट्रेन मोजणाऱ्या) एलिमेंटनं करा. या एलिमेंटच्या कडा सरळच राहतात, त्यांना वाकता येत नाही, म्हणून वाकण्याऐवजी तो शिअर होतो (तिरका सरकतो). याला शिअर लॉकिंग म्हणतात. द्विमितीय गणितात उंचीत एकच चौरस एलिमेंट असेल आणि पॉइसन्स रेशो ०.३, तर शुद्ध वाकण्यात तो सुमारे १.४८ पट ताठ निघतो. म्हणजे विस्थापन खऱ्याच्या दोन तृतीयांश. तोच एलिमेंट उंचीच्या पाचपट लांब केला की ताठपणा दहापटींच्या वर जातो. स्क्रीनवर चित्र छान रंगीत दिसतं, आणि आकडा साफ खोटा असतो.

यावर उपाय म्हणून रिड्यूस्ड इंटिग्रेशन आलं. पण तिथे एलिमेंटला एकच इंटिग्रेशन बिंदू, तोही मधोमध. जाडीत एकच एलिमेंट ठेवलात तर वाकण्यात त्या बिंदूवर स्ट्रेन शून्य, म्हणजे एलिमेंटला वाकण्याचा विरोधच उरत नाही. मेश वाळूच्या घड्याळासारखा नागमोडी होतो, त्याला अवरग्लासिंग म्हणतात. म्हणून ‘किमान चार’. आणि चार ठेवले तरी एक गोम राहते. सर्वांत बाहेरच्या थराचा मध्य पृष्ठभागाच्या आत असल्यामुळे तिथे वाकण्याचा स्ट्रेस पृष्ठभागाच्या फक्त ७५ टक्के असतो. ६० ऐवजी ४५ च्या आसपास दिसतो, आणि नवखा माणूस ‘पास’ लिहून मोकळा होतो. यावर उतारा प्र. १९ मध्ये आहे.

दुसऱ्या ऑर्डरचा (कडांवर मधले नोड असलेला) एलिमेंट असेल तर साध्या वाकण्याला जाडीत एकही चालून जातो, दोन ठेवले की निर्धास्त.

प्र. ९. एलिमेंटचा साइझ किती ठेवू? एक आकडा सांगा.

पी हळद आणि हो गोरी असं इथे होत नाही. तरी सुरुवातीला हाताशी धरायला: फिलेटच्या पाव वर्तुळात स्ट्रेस हवा असेल तर पहिल्या ऑर्डरचे सहा ते आठ एलिमेंट, नुसता ताठपणा हवा असेल तर दोन-तीन. भोकाभोवती ८ एलिमेंट ठेवले तर १० मिलिमीटर व्यासाच्या भोकात सरळ कड खऱ्या वर्तुळापासून ०.३८ मिलिमीटर आत येते. २४ ठेवले तर ०.०४. रुंद पट्टीतल्या गोल भोकाच्या काठावर स्ट्रेस तिप्पट होतो, हे किर्श यांचं १८९८ चं उत्तर. तुमचा मेश हे तीन देतो का, ही दहा मिनिटांची परीक्षा प्रत्येकानं एकदा द्यावी.

मग कन्व्हर्जन्स, म्हणजे मेश बारीक करत गेल्यावर उत्तर स्थिरावतंय का हे बघणं. साइझ निम्मा करत तीन रन मारा. समजा ४, २ आणि १ मिलिमीटरला स्ट्रेस १७१, १८६ आणि १९१ आला. फरक १५ वरून ५ वर उतरला, म्हणजे दर वेळी तिसरा हिस्सा उरतोय. याच चालीनं पुढे गेलं तर आणखी अडीच वाढून उत्तर १९३.५ च्या आसपास थांबेल. २ मिलिमीटरचा मेश सुमारे ४ टक्के कमी दाखवतोय, हे तुम्ही आता आकड्यानिशी सांगू शकता. सगळीकडे साइझ निम्मा केला तर घन मॉडेलमध्ये एलिमेंट आठपट होतात, म्हणून बारीक करायचं ते फक्त जिथे उत्तर हवंय तिथेच.

‘एवढं कोण करतं’ असं विचारणाऱ्यांसाठी स्लाइप्नर-ए. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ रोजी या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा प्रचंड काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवत होते. गोल टाक्या जिथे एकमेकींना भिडतात, तिथल्या त्रिकोणी पोकळीची भिंत फुटली आणि अख्खा पाया तळाशी गेला. माणसं वाचली, नुकसान ७० कोटी डॉलरच्या घरात. चौकशीत निघालं की त्या कोपऱ्यात एलिमेंट फार मोठे आणि वाकडे होते, त्यामुळे शिअर ४७ टक्के कमी आला होता आणि भिंत व सळई त्याच हिशेबानं बेतली होती. नीट विश्लेषण केल्यावर ६२ मीटर खोलीला भिंत जाईल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला गेली होती. एफईएमची पद्धत बरोबरच होती, तिला मेश तेवढा पुरला नव्हता.

प्र. १०. मेश बारीक करतोय तसा स्ट्रेस वाढतच चाललाय. थांबतच नाही. कुठवर बारीक करू?

थांबणारच नाही. आतल्या बाजूचा धारदार कोपरा, एका नोडवर टाकलेला भार, एका नोडवर दिलेला सपोर्ट, या ठिकाणी इलॅस्टिक सिद्धांतातलं उत्तरच अनंत आहे. मेश प्रामाणिकपणे अनंताकडे निघालेला असतो. काटकोनी आतल्या कोपऱ्याला तर हे ओळखायची खूणही आहे. विल्यम्स यांच्या १९५२ च्या गणितानुसार तिथे साइझ निम्मा केला की स्ट्रेस दर वेळी साधारण ३७ टक्क्यांनी वाढतो. तडा असेल तर ४१ टक्क्यांनी. फरक प्र. ९ मधल्यासारखा आटत नाही, उलट वाढत जातो.

करायचं काय? तो कोपरा तुमच्या प्रश्नाचा नसेल तर रिपोर्टमध्ये तसं लिहा आणि दोन-तीन एलिमेंट सोडून पुढचं वाचा. स्ट्रेस तिथलाच हवा असेल तर खरा फिलेट भूमितीत घाला. उत्पादनात शून्य रेडियसचा कोपरा कधीच नसतो. लाल ठिपका लपवायला रंगपट्टीची वरची मर्यादा खाली आणणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

प्र. ११. मग वेल्डच्या टोवरचा (वेल्ड जिथे पत्र्याला संपतो त्या कडेवरचा) स्ट्रेस कसा वाचायचा? तोही कोपराच आहे.

थेट वाचायचाच नाही. हॉट-स्पॉट पद्धतीत टोपासून जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावरचे पृष्ठभागाचे स्ट्रेस घेऊन सरळ रेषेनं टोपर्यंत मागे नेतात, आणि त्याला त्याच पद्धतीचा फटीग आलेख लावतात. म्हणून मेश असा आखा की या दोन अंतरांवर नोड पडतीलच. हे मेश झाल्यावर आठवलं तर अख्खी रांग पुन्हा काढावी लागते.

प्र. १२. बोल्टच्या भोकाभोवती वॉशर का काढतात? आणि आरबीई-२ लावू की आरबीई-३?

बोल्टच्या डोक्याखाली दाबला जाणारा भाग साधारण वॉशरएवढा असतो. तिथे एलिमेंटांची एक-दोन नीटस गोल रांग असली की जोड बरोबर त्या नोडांना देता येतो. रांगेत नोड सम संख्येत ठेवा, आठ किंवा जास्त.

दोन्ही आरबीई भोकाभोवतीचे नोड मधल्या एका नोडशी जोडतात. आरबीई-२ सगळ्या नोडांना कडक बांधतो, म्हणजे भोकात जणू पोलादी गोळा बसवला. भोवतीचा पत्रा खोटा ताठ होतो, आणि लगतच्या रांगेतला स्ट्रेस विश्वासाचा राहत नाही. आरबीई-३ भार वाटून देतो, ताठपणा वाढवत नाही. दोन भाग बोल्टनं जोडायचे असतील तर मध्ये बीम आणि दोन्ही टोकांना आरबीई-२. दूरच्या वजनाचा भार टेकवायचा असेल तर आरबीई-३. बोल्टजवळचाच स्ट्रेस हवा असेल तर दोन्ही सोडा आणि बोल्ट, काँटॅक्ट, प्रीटेन्शन (बोल्ट आवळल्याचा ताण) असं खरं मॉडेल करा.

प्र. १३. क्वालिटीचे आकडे किती हवेत? क्लायंटचा चेक एका टक्क्यानं फेल होतोय.

मोटार उद्योगात शेलसाठी सर्रास दिसणाऱ्या मर्यादा अशा: वॉर्पेज (पातळी सोडून पिळणं) १० ते १५ अंशांच्या आत, आस्पेक्ट रेशो (लांब आणि आखूड बाजूंचं गुणोत्तर) ५ च्या आत, जेकोबियन (आकार किती बिघडला त्याचं माप, १ म्हणजे आदर्श) ०.६ ते ०.७ च्या वर, क्वाडचे (चौकोनी एलिमेंटचे) कोन ४५ ते १३५, ट्रियाचे (त्रिकोणी एलिमेंटचे) २० ते १२०, आणि ट्रियांचं प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या आत. क्लायंटची स्वतःची यादी असेल तर तीच पाळा.

त्या एका टक्क्याचं मात्र बघा, तो कुठे आहे. भाराच्या वाटेपासून दूर असेल तर लेखी कळवून सोडून द्यायला सांगा. त्या टक्क्यासाठी नोड ओढून फिलेटच्या पृष्ठभागावरून खाली पाडणं हे मला सर्वांत मोठं पाप वाटतं. चेक हिरवा होतो आणि रेडियस बदलतो! एलिमेंटचा आकार चांगला आहे एवढंच क्वालिटी सांगते, त्याचा साइझ पुरेसा आहे का हे तिला कळत नाही. ते काम प्र. ९ चं.

प्र. १४. चार नोडांचा टेट्रा दहा नोडांत बदलला आणि निगेटिव्ह जेकोबियन आला. आधी तर सगळं ठीक होतं.

मधले नोड खऱ्या वक्र पृष्ठभागावर नेऊन बसवले जातात. लहान फिलेटवर एलिमेंट मोठा असेल तर कड इतकी फुगते की समोरच्या बाजूला भिडते आणि एलिमेंट आतून बाहेर उलटतो. उपाय: त्या फिलेटवर साइझ कमी करा. तेही जमत नसेल तर फक्त बिघडलेल्या एलिमेंटांचे मधले नोड सरळ कडेवर आणा. सगळ्या मॉडेलचे सरळ केलेत तर दुसऱ्या ऑर्डरचा निम्मा फायदा गेला.

प्र. १५. सिमेट्री वापरून अर्धं मॉडेल चालेल का?

भूमिती, मटेरियल, सपोर्ट आणि भार हे चारही सिमेट्रिक असतील तर स्टॅटिकसाठी खुशाल. फ्रीक्वेन्सी आणि बकलिंगसाठी (दाबाखाली अचानक वाकून जाणं) थांबा. सिमेट्रिक रचनेचे अनेक मोड (कंपनाचे किंवा वाकण्याचे आकार) उलटसुलट, म्हणजे अँटिसिमेट्रिक असतात, आणि अर्ध्या मॉडेलमधून ते गळून जातात. बकलिंगमध्ये नेमका तोच मोड सर्वांत आधी येऊ शकतो.

प्र. १६. क्रॅशच्या रनला चार दिवस दाखवतोय. मेशचा काही दोष असेल का?

बहुधा एखाद्या चिमुकल्या एलिमेंटचा. एक्सप्लिसिट गणितात टाइमस्टेप हा ध्वनिलहर सर्वांत छोटा एलिमेंट ओलांडायला घेते त्या वेळेच्या आत असावा लागतो. पोलादात लहर सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर जाते, म्हणून ५ मिलिमीटरच्या एलिमेंटला जवळपास १ मायक्रोसेकंद. मॉडेलमध्ये कुठेतरी १ मिलिमीटरचा एकच एलिमेंट राहिला, तर सगळ्या गाडीचा रन पाचपट लांबतो. सर्वांत लहान साइझचे वीस एलिमेंट शोधा, दुरुस्त करा, मग मास स्केलिंगचा (टाइमस्टेप वाढावा म्हणून छोट्या एलिमेंटांचं वजन मुद्दाम वाढवण्याचा) विचार करा. मास स्केलिंगनं एकूण वजन किती वाढलं तेही बघा.

प्र. १७. फ्रीक्वेन्सी ०.००००७ हर्ट्झ येतेय. मेश खराब आहे का?

मेशला उगाच दोष देताय, युनिट बघा. मिलिमीटर-न्यूटन-सेकंद धरलं की वस्तुमान टनात येतं, आणि पोलादाची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात. तिथे ७८५० टाइप केलं की वस्तुमान एक लाख कोटी पटीनं वाढतं आणि फ्रीक्वेन्सी दहा लाख पटीनं पडते. म्हणजे तुमची खरी फ्रीक्वेन्सी ७० हर्ट्झच्या आसपास आहे. गुरुत्वाकर्षणही याच पद्धतीत ९८१० घ्यायचं.

प्र. १८. रन मारण्याआधी मेश तपासायचा कसा?

माझा क्रम ठरलेला आहे. आधी फ्री एज (एकाच एलिमेंटची असलेली मोकळी कड): जिथे पत्रा संपत नाही तिथे लाल रेघ दिसली तर मॉडेल तिथे फाटलेलं आहे. मग डुप्लिकेट एलिमेंट, मग शेलचे नॉर्मल (पृष्ठभागाची वरची बाजू कुठली ते), नाहीतर प्रेशर निम्म्या भागावर आतून आणि निम्म्यावर बाहेरून लागतं. मग वजन कॅडशी ताडून. मिडसरफेसच्या ओव्हरलॅपमुळे दोन-तीन टक्के फरक चालतो, वीस टक्के नाही.

त्यानंतर सगळे सपोर्ट काढून मोडल रन (फ्रीक्वेन्सी काढणारा). अधांतरी वस्तूला बरोबर सहा शून्य मोड हवेत: तीन सरकण्याचे, तीन फिरण्याचे. सातवा शून्य मोड आला तर काहीतरी सुटं आहे, आणि अ‍ॅनिमेशन लावलं की ते सुटं भांडं स्वतःच नाचून दाखवतं. सहापेक्षा कमी आले तर कुठेतरी नकळत जमिनीला बांधलंय. शेवटी १ जी स्टॅटिक (नुसत्या स्वतःच्या वजनाखालचा रन). सपोर्टवरची प्रतिक्रिया वजनाइतकी आली की मुख्य रन लावून चहाला जायला हरकत नाही.

प्र. १९. टेस्टमधल्या स्ट्रेन गेजशी (पृष्ठभागावर चिकटवून स्ट्रेन मोजणाऱ्या साधनाशी) माझं उत्तर जुळत नाही. मेश अजून बारीक करू?

आधी दोघं एकाच जागेचं, एकाच दिशेचं आणि एकाच राशीचं बोलताहेत का ते बघा. गेज पृष्ठभागावरचा स्ट्रेन देतो. तुमचा सॉलिड एलिमेंट आतल्या इंटिग्रेशन बिंदूवरचा देतो, आणि त्यानं किती फरक पडतो ते प्र. ८ मध्ये आहेच. उतारा सोपा आहे: सॉलिडच्या पृष्ठभागावर त्याच नोडांवर ०.०१ मिलिमीटर जाडीच्या मेंब्रेनची कातडी चढवा. ताठपणा वाढत नाही, आणि पृष्ठभागाचा स्ट्रेन थेट मिळतो.

दुसरं, गेज स्वतःच्या लांबीभर सरासरी घेतो. ३ मिलिमीटरचा गेज फिलेटवर चिकटवला असेल तर तो शिखराचा आकडा कधीच दाखवणार नाही. मॉडेलमध्येही तेवढ्याच पट्टीवरची सरासरी काढा. तिसरं, गेजच्या दिशेचा लोकल अ‍ॅक्सिस घ्या आणि त्या दिशेचा स्ट्रेन वाचा. एका दिशेच्या गेजशी व्हॉन मिसेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एक आकडा) ताडून पाहणारे रिपोर्ट माझ्याकडे अजूनही येतात.

एवढं करूनही फरक राहिला तर टेस्टवाल्यांकडून गेज चिकटवल्याचा फोटो मागवा, बाजूला पट्टी ठेवून काढलेला. ड्रॉइंगवर भोकापासून १० मिलिमीटर लिहिलेलं असतं, आणि फोटोत बऱ्याचदा १४ निघतात.